लहान लिबरल आर्ट्‌स कॉलेज कसं निवडायचं

‘लिबरल आर्ट्‌स’ म्हटलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला : ‘म्हणजे पोर आर्ट्‌सला जाणार?’ अमेरिकेतलं लिबरल आर्ट्‌स कॉलेज म्हणजे आपली कला शाखा नव्हे. भौतिकशास्त्र, गणित, जीवशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स हे सगळं तिथे शिकवतात. इंटेलचा सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचा 1949 चा पदवीधर. जनुक-संपादनासाठी 2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या जेनिफर डाउडना कॅलिफोर्नियातल्या पमोना कॉलेजच्या. या कॉलेजांची नावं आपल्या नातेवाइकांनी ऐकलेली नसतात, एवढंच. खरं तर ओळख जुनी आहे. 1813 साली मुंबईत येऊन अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारा गॉर्डन हॉल हा मॅसॅच्युसेट्‌समधल्या विल्यम्स कॉलेजातून 1808 साली पदवी घेऊन निघालेला होता.

या कॉलेजांचा साचा साधारण सारखा असतो. हार्वे मडसारख्या कॉलेजात 900 च्या आसपास, ओबर्लिनसारख्यात तीन हजारांपर्यंत विद्यार्थी. जवळपास सगळे फक्त पदवीचे. चार वर्षं आवारातच राहणं. पीएचडीचे विद्यार्थी नसल्याने शिकवतात, तपासतात आणि प्रयोगशाळेत घेतात ते प्राध्यापकच. मुख्य विषय, म्हणजे मेजर, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा. चार वर्षांत साधारण 32 कोर्स होतात, त्यांतले दहा-बारा मेजरचे.

मोठ्या विद्यापीठात चूक झाली तर जागच्या जागी दुरुस्त करता येते : दुसरा विभाग, दुसरा प्राध्यापक, दुसरी मित्रमंडळी. लहान कॉलेजात जे नाही ते नाहीच. म्हणून इथे क्रमवारी बघून भागत नाही. आपल्या मुलाला लागणाऱ्या चार-पाच गोष्टी तिथे खरोखर आहेत का, हे आकड्यानिशी मोजावं लागतं.

आधी मूल बघा

‘आमची मुलगी अबोल आहे, तिला लहान कॉलेज बरं’ हे आपल्याकडे हमखास ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. चौदा जणांच्या वर्गात मागचा बाक नसतो. वर्गातल्या चर्चेला कित्येक कोर्समध्ये गुण असतात, आणि न बोलणारी मुलगी दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांच्या लक्षात येते. अबोल पण वाचून-विचार करून येणारी मुलं अशा वर्गात खुलतात. अबोल आणि शेवटच्या दिवशी अभ्यास करणारी मुलं तिथे घुसमटतात. दोन्ही मुलं घरी सारखीच गप्प दिसतात, म्हणून हा फरक आई-वडिलांनी आधी मनाशी नीट करून घ्यावा.

ज्याला दोन-तीन विषय सारखेच आवडतात, लिहायचा कंटाळा नाही, मोठ्या माणसांशी बोलायला संकोच नाही, त्याला ही कॉलेजं मानवतात. एरोस्पेस इंजिनिअरिंगच हवं, अकाउंटिंगच हवं, आर्किटेक्चरच हवं असं पक्कं असेल तर इथे वेळ घालवू नका. शहराची गर्दी, स्टेडियम, ओळखीच्या लोकांपासून लांब राहण्याची मुभा हवी असेल तरीही नको. दीड हजारांच्या गावात सहाव्या महिन्यापर्यंत सगळे चेहरे पाठ होतात. कुणाला त्यात घर वाटतं, कुणाला वाड्यातल्या खिडक्या.

इंजिनिअरिंगबद्दल थोडं जास्त, कारण मराठी घरात हा प्रश्न टळत नाही. मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग पदवी देणारी लहान कॉलेजं मोजकी आहेत : हार्वे मड, स्वॉर्थमोर, मुलींचं स्मिथ, लाफायेट, युनियन, हार्टफर्डचं ट्रिनिटी आणि आकाराने जरा मोठं बकनेल. बाकी बरीच कॉलेजं ‘तीन अधिक दोन’ योजना दाखवतात : तीन वर्षं इथे, दोन वर्षं कोलंबिया किंवा सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, हातात दोन पदव्या. कागदावर छान दिसतं. पण पाचव्या वर्षाचा खर्च वाढतो, दुसऱ्या ठिकाणी आर्थिक मदत मिळेलच असं नाही, ठरावीक सरासरी गुण टिकवावे लागतात आणि ऐन शेवटच्या वर्षी मित्र सोडून जायचं असतं. सतराव्या वर्षी या योजनेला हो म्हणणारे अनेकजण विसाव्या वर्षी जात नाहीत. ती असली तर बोनस समजा. निवडीचं कारण करू नका.

अभ्यासक्रमाचा स्वभाव

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या कॉलेजांत आतून जमीन-अस्मानाचा फरक असतो. ॲमहर्स्ट आणि ग्रिनेलमध्ये पहिल्या वर्षाचा एक सेमिनार सोडला तर सर्वांना सक्तीचा असा कोर्सच नाही. दुसऱ्या टोकाला सेंट जॉन्स कॉलेज, ॲनापोलिस आणि सँटा फे इथलं : मेजर नाही, निवड नाही, सगळ्यांनी तेच अभिजात ग्रंथ वाचायचे, युक्लिडपासून सुरुवात. कोलोरॅडो कॉलेजात आणि आयोवातल्या कॉर्नेल कॉलेजात (हे प्रसिद्ध कॉर्नेल विद्यापीठ नव्हे) एका वेळी एकच कोर्स, साडेतीन आठवडे, मग पुढचा. एकदा आजारी पडून चार दिवस बुडाले तर कोर्सचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला, हे त्या पद्धतीचं दुखणं. कार्लटनमध्ये दहा आठवड्यांची तीन सत्रं, प्रत्येकात तीन विषय : धावपळ मोठी, पण कंटाळ्याला जागा नाही. वूस्टरमध्ये शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतंत्र संशोधन करावंच लागतं. रीडमध्ये प्रबंध सक्तीचा आणि गुण आपणहून मागितल्याशिवाय सहसा सांगत नाहीत.

मुलाला विचारायचा प्रश्न साधा आहे : अभ्यासाला बाहेरून शिस्त लागते की मोकळं सोडल्यावर तो स्वतः हात-पाय हलवतो? बारा वर्षं शाळा आणि क्लास यांच्या वेळापत्रकावर चाललेल्या मुलाला एकदम मोकळं रान मिळालं की पहिलं सत्र भरकटण्यात जातं. अशा मुलासाठी थोडी सक्ती असलेला अभ्यासक्रम बरा.

माहितीपुस्तक ठेवा, वेळापत्रक उघडा

इथे बहुतेक पालक फसतात. कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये भौतिकशास्त्राखाली तीस कोर्स छापलेले असतात. त्यांतले किती शिकवले जातात? रजिस्ट्रारच्या पानावर प्रत्येक सत्राचं वेळापत्रक असतं, बहुतेक वेळा लॉगिनशिवाय दिसतं. मागच्या चार सत्रांची वेळापत्रकं उघडा आणि मुलाच्या दोन संभाव्य विषयांतले वरच्या पातळीचे, म्हणजे बहुधा 300 आणि त्यापुढचे क्रमांक असलेले कोर्स एका कागदावर उतरवा.

गणित असं असतं. विभागात चार प्राध्यापक, प्रत्येकाचे वर्षाला पाच कोर्स, म्हणजे वीस. एकजण अभ्यासरजेवर गेला की पंधरा. त्यातले निम्मे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या कोर्समध्ये आणि प्रयोगशाळेत जातात. उरले सात-आठ, आणि त्यातलेही काही एक वर्षाआड. वर्षाला सहापेक्षा कमी वरचे कोर्स दिसले तर त्या विषयात पुढे पीएचडी करू पाहणाऱ्या मुलाने विचार करावा. ऑलिंपियाडचं गणित केलेलं मूल तर दुसऱ्या वर्षातच तळ गाठतं.

कागदावर प्राध्यापकांची नावंही लिहा. नावापुढे ‘व्हिजिटिंग’ लिहिलेले निम्मे असतील तर ते लोक वर्ष-दोन वर्षांच्या करारावर आहेत. पुढे शिफारसपत्र मागायच्या वेळी ते तिथे नसतील. कॉम्प्युटर सायन्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कॉलेजला थेट लिहून विचारा : दुसऱ्या पातळीच्या कोर्सला गेल्या सत्रात प्रतीक्षायादी किती होती, आणि जागा लॉटरीने देता का?

उणीव भरून काढायची एक वाट आहे : शेजारच्या कॉलेजांचा संघ. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँटची पाच कॉलेजं एकमेकांना भिंत लावून आहेत. पमोनाचा विद्यार्थी हार्वे मडमध्ये चालत जाऊन कोर्स घेतो. मॅसॅच्युसेट्‌समध्ये ॲमहर्स्ट, स्मिथ, माउंट होलिओक आणि हॅम्पशायर यांना मोठ्या राज्य विद्यापीठाशी बसने जोडलेलं आहे. फिलाडेल्फियाजवळ ब्रिन मॉर आणि हॅवरफर्ड एकमेकांपासून मैलभरावर आहेत, स्वॉर्थमोर मात्र जरा दूर. संघाचं नाव छापलेलं पुरेसं नाही. बसचं वेळापत्रक बघा. पन्नास मिनिटांच्या वर्गासाठी येण्या-जाण्यात दीड तास जात असेल तर मूल तो कोर्स घेणार नाही.

कॉमन डेटा सेट : इथे जाहिरात चालत नाही

बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एकसारखा तक्ता भरून आपल्या साइटवर ठेवतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलं की सापडतो. सगळा वाचू नका, पुढचे रकाने पुरेत.

बी-22 : पहिल्या वर्षातले किती टक्के विद्यार्थी दुसऱ्या वर्षी परत आले. नामवंत कॉलेजांत हा आकडा 95 च्या आसपास किंवा वर असतो, मधल्या फळीत 85 च्या आसपास. 75 च्या खाली असेल तर चारातलं एक पोर वर्षभरात निघून जातंय. कारण पैसा असेल, एकटेपणा असेल, पण काहीतरी आहे.

सी-7 : प्रवेशात कशाला किती वजन. यातली ‘अर्जदाराने दाखवलेली आवड’ ही ओळ शोधा. तिथे ‘महत्त्वाचं’ किंवा ‘विचारात घेतलं जातं’ असेल तर मुलाने त्यांच्या ऑनलाइन सत्राला हजर राहावं, मुलाखतीची सोय असेल तर द्यावी. ‘विचारात घेत नाही’ असेल तर तो वेळ निबंधाला द्यावा.

आय-3 : वर्गांचा आकार. इथे एक हातचलाखी समजून घ्या. दहा वर्ग आहेत, नऊंमध्ये दहा-दहा मुलं, एकात साठ. कॉलेज म्हणेल, सरासरी वर्ग पंधराचा. पण एकूण दीडशे जागांपैकी साठ, म्हणजे 40 टक्के, त्या मोठ्या वर्गात आहेत. विद्यार्थ्याच्या बाजूने मोजली तर सरासरी तीस येते. म्हणून सरासरीवर जाऊ नका. पन्नासच्या वरचे वर्ग किती आणि ते मुलाच्या विषयात आहेत का, ते बघा. ‘आठ विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक’ या आकड्याने वर्ग किती मोठा ते कळत नाही.

जे : कोणत्या विषयात किती टक्के पदव्या. अर्थशास्त्र आणि कॉम्प्युटर मिळून निम्म्या पदव्या असतील आणि तुमच्या मुलाला अभिजात भाषा शिकायच्या असतील, तर त्याला एकट्याने जेवावं लागेल असं नाही, पण विभाग मात्र किती दिवस चालेल हे विचारा.

आणि एच-6, ज्याच्याकडे पैशांच्या भागात येऊ.

तक्त्यात नसलेली एक गोष्ट खेळाडूंची. विल्यम्स, ॲमहर्स्टसारख्या न्यू इंग्लंडमधल्या कॉलेजांत जवळपास एक तृतीयांश विद्यार्थी कॉलेजच्या संघांत खेळतात. ही कॉलेजं कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या विभागात खेळतात, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, पण प्रशिक्षकाच्या शब्दाला प्रवेशात वजन असतं, आणि त्यातले बरेच जण लवकरच्या फेरीत (नोव्हेंबरात अर्ज, प्रवेश मिळाला तर जायचंच) येतात. त्या फेरीत प्रवेशाची टक्केवारी दुप्पट दिसते, त्यामागचं एक कारण हे आहे. सामान्य अर्जदाराचा फायदा तेवढा नसतो. मुंबई-पुण्यात स्क्वॉश खेळणाऱ्या मुलांना मात्र ही वाट माहीत असावी : ट्रिनिटीच्या पुरुष संघाने 2012 पर्यंत सलग 252 सामने जिंकले होते, तेही परदेशी खेळाडूंच्या जोरावर.

पैसा

महागड्या कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च 90 हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर आहे. तो आकडा बघून घाबरणं चूक आणि ‘स्कॉलरशिप मिळेलच’ म्हणणं त्याहून मोठी चूक. आधी आपण कुठल्या रांगेत उभे आहोत ते ठरवा.

मूल अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल तर प्रत्येक कॉलेजच्या साइटवर असलेला ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’, म्हणजे मदत वजा जाता किती भरावं लागेल याचा अंदाज देणारं पान, भरा. 2011 पासून तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. अर्धा तास लागतो, मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न जवळ ठेवा. स्वतःचा धंदा, भाड्याने दिलेलं घर किंवा विभक्त पालक असतील तर आकडा चुकू शकतो. तेव्हा कॉलेजच्या एड ऑफिसला, म्हणजे आर्थिक मदतीच्या कार्यालयाला, विचारा.

एच-4 व्हिसावरची, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकांची, मुलं अमेरिकेतच शाळा शिकलेली असतात, तरी त्यांना फेडरल मदत मिळत नाही, आणि बरीच कॉलेजं त्यांना आंतरराष्ट्रीय अर्जदारांतच मोजतात. न्यू जर्सी, बे एरियातल्या कितीतरी घरांना हे बारावीत कळतं. नववीत असतानाच कॉलेजला मेल करून विचारा : ‘आमच्या व्हिसावरच्या विद्यार्थ्याला तुम्ही कोणत्या गटात धरता?’ उत्तर कॉलेजागणिक बदलतं.

भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी कॉलेजांचे तीन ढीग करा. पहिला : प्रवेश देताना पैसे मागितले आहेत का हे न बघणारी आणि गरज पूर्ण भागवणारी. लहान कॉलेजांत ॲमहर्स्ट आणि बोडन ही त्यातली ठळक नावं. इथली चुरस भयंकर. दुसरा ढीग : प्रवेश दिला तर गरज पूर्ण भागवतात, पण पैसे मागणं हे निवडीत मोजलं जातं. तिसरा : गरज न बघता गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देणारी, उदाहरणार्थ वूस्टर, डेनिसन, लॉरेन्स, नॉक्स, बेलॉइट, आणि वरच्या फळीतली ग्रिनेल, मॅकॅलेस्टर. विल्यम्स, ॲमहर्स्ट, बोडन गुणवत्तेवर काहीच देत नाहीत; त्यांना मुलगा राज्यात पहिला आलाय हे सांगून उपयोग नाही. केंटकीतलं बेरिया वेगळंच : 1892 पासून ट्यूशन फी नाही, पण प्रत्येकाने आठवड्याला किमान दहा तास कॉलेजचं काम करायचं.

आता एच-6. यात परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती, ते असतं. बी-2 मध्ये एकूण परदेशी विद्यार्थी किती ते बघा आणि भागाकार करा. दोनशेपैकी 180 जणांना मदत असेल तर हे कॉलेज खरंच देतं. दोनशेपैकी वीस असतील तर तिथे पूर्ण फी भरणारेच हवे आहेत, मग मुखपृष्ठावर कुठल्याही देशाच्या मुलांचे फोटो असोत.

पैसे मागायचे असतील तर अर्जाच्या वेळीच मागा. प्रवेश मिळाल्यावर ‘आता बघा काही होतंय का’ हे परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत बऱ्याच कॉलेजांत चालत नाही. लागणारा अर्ज बहुधा ‘सीएसएस प्रोफाइल’, तो 1 ऑक्टोबरला उघडतो. त्यात शेती, सोनं, काकांबरोबरचं सामाईक घर हे कसं लिहायचं याचा गोंधळ होतो. विशेष परिस्थितीच्या रकान्यात साध्या इंग्रजीत खुलासा लिहा, लपवू नका.

गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीत एक खाच असते. फी 80 हजार, शिष्यवृत्ती 35 हजार ‘दरवर्षी’, म्हणजे खिशातून 45 हजार. फी वर्षाला चार टक्क्यांनी वाढली आणि शिष्यवृत्ती तेवढीच राहिली, तर चौथ्या वर्षी फी 90 हजारांवर पोचते आणि तुम्ही 55 हजार भरत असता. पत्र आल्यावर दोन प्रश्न : रक्कम फीबरोबर वाढते का, आणि टिकवायला किती गुण लागतात?

शिकून झाल्यावर कामाची मुदत हाही पैशाचाच प्रश्न. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर 12 महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानात मोडणाऱ्या विषयांना आणखी 24. अर्थशास्त्र यात येतं का, हे कॉलेजने त्या मेजरला दिलेल्या सरकारी क्रमांकावर ठरतं : 45.0603 असेल तर येतं, 45.0601 असेल तर नाही. दोन शेजारच्या कॉलेजांत तोच अभ्यास, पण एकाकडे तीन वर्षं, दुसऱ्याकडे एक. रजिस्ट्रारला क्रमांक विचारा, आणि नियम बदलतात म्हणून अर्ज करायच्या वर्षी सरकारी यादी स्वतः बघा.

डॉक्टर व्हायचं असेल तर ‘आमचे 90 टक्के मेडिकलला जातात’ या वाक्याला लगेच टाळ्या देऊ नका. काही कॉलेजांची समिती कच्च्या मुलांना शिफारसच देत नाही, मग टक्केवारी चांगलीच येणार. पहिल्या वर्षी मेडिकल म्हणणारे किती आणि शेवटी अर्ज करणारे किती, ते विचारा. भारतीय नागरिकाला घेणारी अमेरिकन मेडिकल कॉलेजं फार थोडी आहेत, हेही आधीच ध्यानात ठेवा.

कॉलेज चार वर्षं टिकेल का

हा प्रश्न उद्धट वाटतो, पण विचारलाच पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातलं 1868 चं वेल्स कॉलेज एप्रिल 2024 च्या शेवटी बंदची घोषणा करून त्याच सत्रानंतर संपलं. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न त्याच वर्षी 31 मेला. व्हर्जिनियातलं स्वीट ब्रायर 2015 मध्ये बंद होता होता माजी विद्यार्थिनींनी वाचवलं.

लक्षणं आधी दिसतात : पहिल्या वर्षाची पटसंख्या चार-पाच वर्षं सलग घसरलेली, एकदम सात-आठ मेजर बंद, मान्यता देणाऱ्या संस्थेचं ताकीदपत्र, सार्वजनिक असलेल्या ‘फॉर्म 990’ या कर-विवरणपत्रामध्ये तीन वर्षं ओळीने तूट. शिक्षण खातं आर्थिक तब्येतीचा उणे एक ते तीन असा गुणांक काढतं. दीडच्या खाली असेल तर तो त्यांच्या निकषात बसत नाही. अशा कॉलेजने दिलेली भरघोस शिष्यवृत्ती म्हणजे दुकान उठवायच्या आधीचा सेल असू शकतो.

रोजचं जगणं

जेवणाचा प्लॅन बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो, म्हणजे ‘बाहेर खाईल’ हा पर्याय नाही. डायनिंग हॉलचा मेनू ऑनलाइन असतो. फेब्रुवारीतला एखादा आठवडा उघडा, आणि शाकाहारी मुलगी मंगळवारी रात्री काय खाईल ते शोधा. उत्तर चीज पिझ्झा आणि सॅलड एवढंच येत असेल तर डॉर्ममध्ये स्वयंपाकाची खोली आहे का ते विचारा. अंडं चालतं की नाही यानेही बराच फरक पडतो.

आयोवा, मिनेसोटात थंडी उणे वीस सेल्सियसपर्यंत जाते. ग्रिनेलहून डी मॉइनचा विमानतळ गाडीने तासाभरावर, कार्लटनहून मिनिॲपोलिसचा त्याहून जवळ, मॅकॅलेस्टर तर सेंट पॉल शहरातच. हिवाळ्याच्या सुटीत वसतिगृह उघडं राहतं का, राहिलं तर जेवण मिळतं का, जवळच्या कुटुंबाशी जोडून देणारी योजना आहे का, हे भारतातल्या पालकांनी विचारायलाच हवं. नाहीतर डिसेंबरात तिकिटाचे दोन लाख ऐनवेळी उभे करावे लागतात.

अमेरिकेत राहत असाल तर कॉलेज बघायला उन्हाळ्यात जाऊ नका. रिकामं आवार सगळंच सुंदर दिसतं. सत्र चालू असताना, मंगळवार ते गुरुवार जा. अधिकृत फेरी एक तासाची. खरी पाहणी त्यानंतर. एका वर्गात बसा, बारा वाजता डायनिंग हॉलमध्ये जेवा, सूचनाफलक वाचा, रात्री नऊला लायब्ररीत डोकावा. पालकांनी दूर राहून मुलालाच तीन प्रश्न विचारायला लावा, आणि तेही फेरीच्या मार्गदर्शकाला नाही, जेवणाच्या टेबलावरच्या कुणालाही :

— तुला हवा असलेला कोणता कोर्स मिळाला नाही?
— गेल्या शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारपर्यंत काय केलंस?
— या आठवड्यात कोणत्या प्राध्यापकांना वर्गाबाहेर भेटलास?

तिसऱ्या प्रश्नाला चार जणांपैकी तिघे गडबडले, तर लहान कॉलेजचे पैसे कशाला द्यायचे? भारतात बसून हेच प्रश्न कॉलेजच्या भारतीय विद्यार्थी संघटनेतल्या मुलांना व्हिडिओ कॉलवर विचारता येतात.

महाराष्ट्रातून अर्ज करताना

सगळ्यात मोठी अडचण गुणांची नसून शिफारसपत्राची असते. अकरावीला ‘इंटिग्रेटेड’ क्लास लावलेला, ज्युनिअर कॉलेजात हजेरीपुरतं नाव, आणि मग मुलाला ओळखणारा एकही शिक्षक त्या कॉलेजात नसतो. कॉमन ॲपवर (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) शाळेचा अहवाल, प्राचार्य किंवा समुपदेशकाचं पत्र आणि बहुधा दोन विषय शिक्षकांची पत्रं लागतात. क्लासचे सर जास्तीचं पत्र देऊ शकतात, शाळेच्या जागी नाही. त्यामुळे ज्युनिअर कॉलेज निवडतानाच जिथे तास खरोखर होतात, वर्ग लहान आहे आणि परदेशी अर्जाचे कागद भरण्याची तयारी आहे असं बघा.

दुसरी अडचण, अकरावीचे गुण. आपल्याकडे अकरावी म्हणजे दोन बोर्डांमधला विसावा. अमेरिकन कॉलेज मात्र नववी ते बारावी चारही वर्षं बघतं, आणि अकरावीत 58 टक्के दिसले की बारावीच्या अंदाजित 90 वर विश्वास ठेवत नाही. नववी-दहावीच्या प्रती शाळेकडून, अकरावी-बारावीच्या ज्युनिअर कॉलेजकडून, आणि मराठीत असलेल्या कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, हे मे महिन्यातच गोळा करा. दिवाळीच्या सुटीत ऑफिस बंद असतं आणि पहिली मुदत नेमकी तेव्हाच येते.

कॉमन ॲप 1 ऑगस्टला उघडतं, मुख्य निबंध 650 शब्दांपर्यंत. लवकरची बंधनकारक फेरी 1 किंवा 15 नोव्हेंबरला, तिचाच दुसरा भाग आणि नेहमीची फेरी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा आणि सराव परीक्षा त्याच सुमारास असल्याने सगळे निबंध नाताळापूर्वी संपवायचे. यादी आठ ते दहा कॉलेजांची पुरते. त्यातली किमान तीन अशी हवीत जिथे प्रवेशही शक्य आहे आणि पैसेही जुळतात. ग्रिनेल, कार्लटन, रीड अर्जाची फी घेत नाहीत, पण केवळ फुकट आहे म्हणून अर्ज टाकू नका. बऱ्याच कॉलेजांचे वेगळे निबंध लिहावे लागतात.

बंधनकारक फेरीत प्रवेश मिळाला की जायचंच असतं आणि बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. शिष्यवृत्तीची तुलना करायची असेल तर ही फेरी तुमच्यासाठी नाही. मदत अपुरी पडली तर कॉलेज सोडवतं, पण ते आकड्यांनी दाखवावं लागतं.

मार्चअखेरीस पत्रं येतात, 1 मेपर्यंत एकाला होकार द्यायचा. तोवर प्रत्येक पत्राचा एक रकाना करा : एकूण खर्च, त्यातून फक्त अनुदान आणि शिष्यवृत्ती वजा. कर्ज आणि आवारातलं काम वजा करू नका, काही पत्रं ते ‘मदत’ म्हणून मिळवतात. शिवाय आरोग्यविमा, दोन विमान तिकिटं आणि पहिल्या हिवाळ्याचे कपडे वेगळे धरा. ते बहुतेक पत्रांत नसतात किंवा कमी धरलेले असतात. दोन कॉलेजांतला फरक मोठा असेल आणि दुसरं मनाजोगतं असेल, तर एड ऑफिसला नम्र मेल लिहून दुसऱ्या पत्राची प्रत जोडा आणि फेरविचाराची विनंती करा. एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांत लिहा, नंतर त्यांच्याकडे वाटायला फारसं उरत नाही.